सहा आणि दोन

तक्रार

वस्तू: ग्राफिक कार्ड. नवं, तीन पंख्यांचं.
असायला हवं: ताथवडे, फ्लॅट ७०४, अर्णवच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये.
आहे: माहीत नाही.
त्या जागी सापडलं: त्याच कॉम्प्युटरचं जुनं कार्ड.
संशय: सुजित, वय चोवीस. माझा भाऊ.
मुदत: आज संध्याकाळी सहा.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ब्रेकचे पार्ट तपासते. गिऱ्हाइकाकडून पार्ट परत आला की आम्ही एक कागद भरतो. त्यावर पाच रकाने असतात आणि पाचही रकान्यांवर एकच शब्द छापलेला असतो. का? पहिल्याचं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला पुन्हा का विचारायचं. पाचव्या रकान्यापर्यंत माणसं बहुतेक खरं बोलायला लागतात.

असे दोन-तीन कोरे कागद माझ्या पर्समध्ये कायम असतात. दसऱ्याच्या दिवशी लागतील असं वाटलं नव्हतं.

पावणेतीन

दार मुकुंद सरांनी उघडलं. पन्नाशीचे, अंगात नवा सदरा. एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीत ते पार्ट पुरवणाऱ्यांची क्वालिटी बघतात, हे सुजितने बाईकवर सांगितलं होतं. दारावर झेंडूचं तोरण होतं. ते चांगलं उंच होतं, तरी सुजित वाकून आत गेला.

"तुम्ही कोण?" सरांनी विचारलं.

"याची बहीण. विजयश्री."

"वकील आणायला सांगितलं नव्हतं मी."

"वकील नाही सर. फायनल इन्स्पेक्शन."

हकीकत त्यांनी उभ्यानेच सांगितली. त्यांच्या मुलाचा, अर्णवचा, गेम खेळायचा कॉम्प्युटर सहा वर्षांचा. नवे गेम त्यावर अडखळतात. सगळा कॉम्प्युटर बदलण्यापेक्षा पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, म्हणजे ग्राफिक कार्ड, तेवढं बदलायचं ठरलं. पिंपरी कॅम्पात धनेशचं दुकान आहे, तिथून नवं कार्ड आणलं. परवा, गुरुवारी, सुजितने घरी येऊन ते बसवलं. अर्णव कॉलेजच्या टीमबरोबर नाशिकला गेला होता, दसऱ्याला त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो आज सकाळी आला. गेम लावला. गेम तसाच अडखळला. झाकण उघडलं तर आत जुनंच कार्ड. नव्याचा खोका कपाटात होता, रिकामा.

"जुनं कार्ड मी नव्याच्या खोक्यात घालून ठेवलं होतं," सुजित म्हणाला. "मॅडमना सांगून गेलो होतो."

"म्हणजे खोक्यातलं कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्प्युटरमधलं तुझ्या बॅगेत," अर्णव म्हणाला. एकोणीस वर्षांचा, आवाज बापासारखा.

सुजित निघोज्याच्या एका कंपनीत तीन वर्षं ट्रेनी आहे. गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी तो धनेशकडे दुरुस्तीची कामं करतो. सोमवारी त्याला पर्मनंटचं पत्र मिळणार आहे. फक्त एक कागद बाकी आहे, पोलीस व्हेरिफिकेशनचा दाखला. आज त्याच्या नावावर चोरीची तक्रार गेली तर तो दाखला सोमवारी निघत नाही. दाखला नाही तर पत्र नाही. यादीत त्याच्या खाली चाळीस जण उभे आहेत आणि त्या चाळिसांचे दाखले तयार आहेत.

मी पर्समधून कागद काढला. सरांनी तो लांबूनच ओळखला.

"पाच का?" ते म्हणाले. "हा कागद मी रोज लोकांकडून भरून घेतो, बाई. निम्मे जण शेवटी 'कामगाराची चूक' लिहून मोकळे होतात. मी फाडून टाकतो. ते काही मूळ कारण नसतं."

"मग तुम्हीच तपासा माझा."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "सहा वाजता मी चौकीत जाणार आहे. तोवर भरा."

का – १

*कार्ड जागेवर नाही. का?*
*उत्तर (मुकुंद सरांचं): सुजितने ते बसवलंच नाही.*

"कार्ड निवडलं कुणी?" मी विचारलं.

"मी दोन पंख्यांचं सांगितलं होतं," सुजित म्हणाला. "चोवीस सेंटीमीटरचं. ताई, प्रोसेसर सहा वर्षांचा आहे, त्याला तेवढंच झेपतं. याहून भारी कार्ड लावलं तर ते प्रोसेसरची वाट बघत बसणार. आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटात जागा अठ्ठावीस सेंटीमीटरचीच."

"मित्राकडे तीनवालं आहे," अर्णव म्हणाला.

"म्हणून तीनवालं घेतलं," सर म्हणाले. "वीजपुरवठ्याचं बघून घेतलं होतं. एसएमपीएस साडेपाचशे वॅटचा आहे, पुरतो."

"लांबी?"

"एकतीस," सुजित म्हणाला.

माझ्याकडे सहा इंची स्टीलची पट्टी असते. कार्ड एकतीस आणि जागा अठ्ठावीस, तर ते आत जाईल कसं, असं मी विचारलं. सुजितने पलंगाखालून एक पत्र्याचा पिंजरा ओढून काढला. हार्डडिस्क ठेवायचा सांगाडा. तो काढल्यावर जागा छत्तीस होते, मी मोजली. पिंजऱ्याचे चार स्क्रू प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पिंजऱ्यालाच चिकटवलेली. जुनं कार्ड सतरा सेंटीमीटरचं. त्याच्यासाठी पिंजरा काढायचं कुणालाच कारण नव्हतं.

पहिलं उत्तर मी खोडलं. नवं कार्ड एकदा तरी इथे बसलं होतं.

"बसवलं, बायकोला दाखवलं, काढलं," सर म्हणाले. "त्याला काय वेळ लागतो?"

का – २

*बसवलेलं कार्ड निघालं. का?*
*उत्तर (मुकुंद सरांचं): ज्याने बसवलं त्यानेच काढलं.*

मी हे लिहीत असताना अर्णवने मोबाइल माझ्यासमोर धरला. जुने पार्ट विकणाऱ्या पोरांचा एक ग्रुप. गुरुवार, संध्याकाळी सात चाळीस. खाली कार्डाचं पूर्ण मॉडेल, तेच, आणि पुढे:

*याला किती येतील?*

पाठवणारा सुजित.

रकान्याबाहेर

लिफ्टजवळच्या जिन्यात मी त्याला विचारलं. तो खाली बघत होता.

"घेतलंस?"

"ताई, तू पण?"

"मी विचारतेय. घेतलंस?"

"न्हाई." लातूरकडचं न्हाई, घाबरला की त्याच्या तोंडातून तेच निघतं. "धनेशभाऊनी सरांना जास्त लावले का ते बघत होतो. मी दोनवालं सांगत होतो आणि ते माझ्यासमोर तीनवाल्याचा आग्रह करत होते. मला डाचत होतं."

त्याच्यासमोरच मी धनेशला फोन लावला.

"सीलबंद दिलं ताई मी. बिलावर नंबर आहे," धनेश म्हणाला. "पुढं काय झालं ते तुमचा भाऊ जाणे. पोरगं रोजावर येतं, माझ्या दुकानाचं नाव यात घ्यायचं नाही."

"गुरुवारी रात्री तो ग्रुपवर भाव विचारत होता."

"माझ्या मागं भाव काढत होता होय? लईच हुशार झालाय."

"तुम्ही जास्त लावले होते का?"

त्याने फोन ठेवला. त्याचं उत्तर मला कळलं. पण धनेशने जास्त घेतले म्हणून सुजितने काही घेतलं नाही, असं होत नाही. मी इन्स्पेक्टर आहे. पार्ट कुणी बनवला हे बघून मी गेज लावत नाही. जिन्यात उभी राहून मी स्वतःला हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मला सुजित सहा वर्षांचा दिसला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

का – ३

*(या रकान्यात उत्तर नाही. फक्त जे दिसलं ते.)*

कॅबिनेटवर, बाहेरून: ओल्या कुंकवाचं वाळलेलं स्वस्तिक. वर झेंडूचं एक फूल. कालच्या खंडेनवमीची पूजा.

झाकण काढल्यावर:

तळ स्वच्छ. कोपरेसुद्धा. ब्लोअरने धूळ उडते, पण कोपऱ्यातली जात नाही. हे फडक्याने पुसलेलं.

जुन्या कार्डाच्या पंख्यात धुळीचा जाड थर. म्हणजे ज्याने आतून पुसलं, त्याने पुसलं तेव्हा हे कार्ड आत नव्हतं.

स्क्रूच्या डोक्यांवर बारीक चमक. बोट लावून वास घेतला. शिवणयंत्राला घालतात तसं पातळ तेल.

एका स्क्रूत अडकलेला पांढरा सुताचा धागा.

एसएमपीएसमधून आलेली एक जाड केबल, मोकळी. जुन्या कार्डाला वेगळी वीज लागत नाही, नव्याला लागते. नव्या कार्डात आठ पिना जातात. केबलच्या टोकाला सहा पिनांचा एक तुकडा आणि शेजारी दोन पिनांचा सुटा तुकडा. दोन्ही जोडून धरले की आठ होतात. ही केबल तशाच पांढऱ्या सुताने गुंडाळून बाजूला बांधली होती. सुजित प्लॅस्टिकची पट्टी वापरतो. त्याने गुरुवारी कापलेलं पट्टीचं टोक टेबलाखाली पडलेलं होतं.

आणि सहाच्या तुकड्यावर, काळ्या प्लॅस्टिकवर, कुंकू.

अंगठ्याने दाबून लावलेला टिळा. पण पूर्ण गोल नाही. त्याला दोन कडा सरळ होत्या, सुरीने कापल्यासारख्या. एक पुढच्या बाजूला, एक शेजारी. दोनच्या तुकड्यावर मात्र कुंकवाचा कणही नव्हता.

मी हातातली बॅटरी खाली ठेवली.

"सुजित, केबलला कुंकू तू लावलंस?"

"मी?" तो म्हणाला. "मी अष्टमीला आलो होतो, ताई."

निवेदिता मॅडमची उत्तरं

*(मुकुंद सरांच्या पत्नी. प्रश्न लिहायला वेळ नव्हता.)*

"गुरुवारी मी घरून काम करत होते. मीटिंग चालू होती, याने हाक मारली म्हणून येऊन बघितलं. पडद्यावर चित्र आलं होतं."

"आत कोणतं कार्ड आहे ते मला काय कळणार हो?"

"हो, जुनं खोक्यात ठेवलंय म्हणाला. मी म्हटलं ठेव."

"काल मी ऑफिसला. हे पण. साडेनऊला निघालो, संध्याकाळी सातला आले."

"आबा होते ना. माझे सासरे. एकटेच."

"पूजा त्यांनीच केली. पिंपरीत चौतीस वर्षं टर्नर होते. खंडेनवमीला लेथची पूजा केल्याशिवाय जेवायचे नाहीत. आता घरी लेथ नाही, मग हे. पण बाहेरूनच केली, मला म्हणाले तसं."

"छे. ते कशाला उघडतील? त्यांना कशालाही हात लावायचा नाही असं सांगितलंय."

"यांनी. मे महिन्यात. आबांनी वॉशिंग मशीन खोललं होतं, आवाज येतो म्हणून. परत जोडलं आणि पाणी खालच्या फ्लॅटपर्यंत गेलं. तेव्हा हे म्हणाले, पुन्हा कशाला हात लावलात तर निघोज्याला आपली रिकामी खोली आहे, तिथे एकटं नेऊन ठेवीन."

"कुठे आहेत? गॅलरीत. सकाळपासून तिथेच आहेत. जेवले पण नाहीत."

का – ४

आबा, म्हणजे रंगराव, गॅलरीत खुर्चीवर बसले होते. पांढरा पायजमा, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खाली रस्त्यावर लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते. त्यांच्या मांडीवर पानांची एक जुडी होती, दोरा न सोडलेली.

मी शेजारी खाली बसले.

"आबा, तुमच्या खात्यात नवमीला काय करायचे?"

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "मशीन बंद. गार्ड खोलायचं. लोखंडाच्या चिप्स काढायच्या, वेस्टनं पुसायचं, तेलाचा हात द्यायचा. मग हळद-कुंकू."

"बाहेरून?"

"बाहेरून कोन करतंय?" ते तुटकपणे म्हणाले. "वरच्या रंगाला पूजतात व्हय? लाईट जिथनं आत येते तिथं पयला टिळा. आमचा फोरमनच तसं करायचा."

एवढं बोलून ते थांबले. माझ्या हातात पांढरा धागा होता. कंपनीत मशीन पुसायला जो सुताचा गुंता देतात, ज्याला सगळे वेस्ट म्हणतात, त्यातला. त्यांनी तो पाहिला.

"पोरी," ते हळू म्हणाले, "मी न्हाई चोरलं."

"मला माहीत आहे."

"पुसलं. परत बसवलं, जसं होतं तसं. टिळा लावला. चालू केलं तर पडदा काळा. आन् आत तांबडा दिवा." त्यांनी बोटाने गॅलरीच्या कठड्यावर एक ठिपका दाखवला. "आमच्यात मशीनवर तांबडा दिवा लागला की समजायचं, गेलं. मी जाळलं ते."

"मग जुनं बसवलंत."

"जुनं चाललं. म्हनलं दसरा झाला की हळूच कुनाला तरी दाखवू, दुरुस्त करून आनू. मला काय ठावं हे पोरगं यात गावंल." जुडीचा दोरा ते बोटाला गुंडाळत होते. "सोमवारपतोर थांब. मी करतो कायतरी."

"आबा, सोमवारीच त्याचं पर्मनंटचं पत्र आहे. आज तक्रार गेली तर मिळणार नाही."

ते एकदम वळले. "पर्मनंट?"

"तीन वर्षं ट्रेनी होता."

आतून मुकुंद सरांचा आवाज आला. "निवेदिता, गाडीची चावी कुठे आहे?"

रंगराव पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. मी उठून आत आले.

पाच चाळीस.

जबाबदार व्यक्ती: ________

सर चावी हातात घेऊन उभे होते. सुजित भिंतीला टेकून. अर्णव खुर्चीत. मी कागद टेबलावर ठेवला.

"झाला भरून?"

"एक रकाना आणि एक नाव राहिलंय. आधी ऐकून घ्या, सर." मी कॅबिनेटमधली केबल पुढे ओढली. "या टिळ्याची ही कड सरळ आहे. गोल टिळा सरळ तुटतो कधी? तो दोन वस्तूंच्या सांध्यावर लावला आणि नंतर वस्तू वेगळ्या केल्या तरच. ही केबल फक्त नव्या कार्डात जाते. म्हणजे टिळा लावला तेव्हा नवं कार्ड इथे, या कॅबिनेटात होतं."

"बरं."

"टिळा खंडेनवमीचा आहे. काल शुक्रवारचा. सुजित गुरुवारी दुपारी चारला इथून गेला. काल सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत तो निघोज्यात होता, शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम. गेटचं पंचिंग आहे. मशीनपूजेच्या फोटोत दुसऱ्या रांगेत उभा आहे. तो गेल्यावर एक दिवस उलटून गेला तरी कार्ड याच घरात होतं."

अर्णवने बापाकडे पाहिलं. निवेदिता मॅडमनी हात तोंडावर नेला. त्यांना कळलं होतं.

"आणि दुसरी कड?" सर म्हणाले. कागद तपासणाऱ्या माणसाची सवय.

"तिचं उत्तर अजून माझ्याकडे नाही."

"मग कार्ड कुणी काढलं? लिहा की नाव."

पेन माझ्या हातात होतं. नाव लिहिलं की सुजित सुटत होता. मला एवढंच करायचं होतं, त्यासाठीच मी आले होते. मी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं.

"आमच्याकडे हा रकाना ज्याचा त्याने भरायचा असतो," मी म्हणाले, आणि पेन टेबलावर ठेवलं.

घड्याळात पाच एक्कावन्न. सरांनी चावी मुठीत आवळली आणि ते दाराकडे वळले.

"थांब," गॅलरीतून आवाज आला.

रंगराव आत आले. कुणाकडेही न बघता टेबलापाशी गेले, चष्मा लावला, पेन उचललं. त्यांना वेळ लागला. अक्षर मोठं होतं, प्रत्येक अक्षराला काना-मात्रा जपून.

*रंगराव. टर्नर. टोकन नं. ६१७.*

"मी काढलं," ते म्हणाले. "जाळलं बी मीच. पोराचा काय दोष न्हाई."

चाचणी

आपल्या खोलीतून ते पत्र्याची हत्यारपेटी घेऊन आले. मायक्रोमीटरच्या शेजारी, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात, कार्ड होतं. तेलाने लकाकत होतं.

मी त्याच्या कडेशी केबलचं टोक आणलं. केबलवरचा टिळा संपत होता तिथेच कार्डावरचा सुरू होत होता. एक गोल. आणि तरीही पूर्ण नाही, एका बाजूने भेग राहत होती.

दुसरी कड.

मी बॅटरीचा झोत कार्डाच्या खाचेत मारला. आठ भोकं. सहा स्वच्छ. उरलेल्या दोन भोकांच्या तोंडाशी कुंकू भरलेलं.

भोकांत कुंकू जायचं असेल तर त्या वेळी भोकं उघडी हवीत.

"आबा," मी म्हणाले, "परत बसवताना हा दोनचा तुकडा लावला होता?"

"दोनचा?" ते केबलकडे बघत राहिले. "सहाचा बसला, खटका लागला. ते बारकं सुटं व्हतं. वाटलं, दुसऱ्या कशाचं असंल."

सुजित भिंतीपासून पुढे आला. दुपारपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा होता. "ताई, मग ते जळालेलं नाही. आठाचं कार्ड आहे, सहावर ते सुरूच होत नाही. तांबडा दिवा म्हणजे, वीज कमी पडतेय, एवढंच सांगत होतं ते."

"जळालं न्हाई?"

"कळेल आता."

त्याने भोकं ब्रशने साफ केली, सोनेरी पट्टीवरचं तेल स्पिरिटने पुसलं, जुनं कार्ड काढून नवं आत सरकवलं. मग केबल हातात घेतली आणि थांबला. सहा आणि दोन एकमेकांना चिकटवून त्याने ती रंगरावांपुढे धरली.

"आबा, तुम्ही बसवा."

रंगरावांनी मुलाकडे पाहिलं. मुकुंद सर बाजूला सरकले. म्हातारे गुडघ्यावर बसले. त्यांनी केबल कॅबिनेटात नेली.

टक्.

अर्णवने बटण दाबलं. तीन पंखे फिरले. तांबडं काही लागलं नाही. पडदा एक क्षण काळा राहिला, खूप लांब क्षण, आणि मग उजेड आला.

का – ५

*हे सकाळीच का कळलं नाही?*

"आबा, सांगायचं ना," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"कुनाला?" रंगराव म्हणाले.

सर कागदापाशी आले. पाचवा रकाना कोरा होता. वर त्यांच्या वडिलांचं नाव आणि पर्मनंट झालेल्या कामगाराला कंपनी देते तो टोकन नंबर. आता एवढ्यावरच सही केली असती तरी आमच्या दृष्टीने तक्रार मिटत होती. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग लिहिलं. लिहिताना ते कागदावर इतके वाकले की मला दिसू नये असं त्यांना वाटत असावं. पण कागद माझा आहे, माझ्याकडेच राहिला.

*घरात कशालाही हात लावायचा नाही, असं मी सांगितलं होतं. – मुकुंद*

चावी त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. सुजितपुढे उभे राहिले. म्हणाले, "दोनवालं घ्यायला हवं होतं. तू बरोबर होतास."

"चालेल हे पण," सुजित म्हणाला. "थोडं वाट बघेल प्रोसेसरची."

निघताना रंगराव दारापर्यंत आले. जुडीचा दोरा सोडला होता. एक पान त्यांनी सुजितच्या हातात ठेवलं, आणि पान दिल्यावरही हात सोडला नाही.

"टोकन नंबर किती मिळनार?"

"सोमवारी कळेल, आबा."

"फोन कर. मला सांग."

*तक्रार बंद. वेळ ६:२०.*